आठ खोल्यांचं हॉटेल

मरोळ गावठाणात ॲनेटचं घर दोन मजल्यांचं. खाली सासू आयडा, वर नणंद शर्लिन, आणि मधल्या जिन्यावर ॲनेट. पंधरा वर्षं कुवेतला एका घरात काम करून शर्लिन गेल्या वर्षी कायमची परत आली आणि आठवड्याभरात मायलेकींचं बोलणं बंद झालं. म्हणजे एकमेकींशी बंद. ॲनेटशी दोघी भरपूर बोलायच्या.

"तिला सांग, कुकर माझा आहे."

"तिला सांग, त्याची रबर रिंग मी आणलीय."

ॲनेट एमआयडीसीत औषधांच्या खोक्यांवरची लेबलं तपासायची. सहाला घरी आली की चप्पल काढायच्या आत निरोप सुरू. नवरा गॅविन "मला यात ओढू नको ना यार" म्हणून हेल्मेट उचलायचा.

एका संध्याकाळी आयडा बोंबलांवरून बोलत होती. ॲनेट मान हलवत राहिली आणि मनातल्या मनात एका डोंगरावर चढली. तिथे तिचं हॉटेल होतं, आठ खोल्यांचं, लाल कौलांचं. त्या दिवशी तिने फक्त पडदे ठरवले. दुसऱ्या दिवशी शर्लिन रडत असताना चाव्यांना नंबर घातले. मग गिऱ्हाइकं येऊ लागली. तीन नंबरमध्ये एक रिटायर झालेले मास्तर उतरले होते. सकाळी चहा, दुपारी झोप, कुणाबद्दल एक शब्द नाही. तक्रारी संपेपर्यंत ॲनेटच्या हॉटेलातल्या चादरी वाळत घालून झालेल्या असायच्या, आणि ती ताजीतवानी होऊन स्वयंपाकाला लागायची. निरोपांची मात्र वाट लागली. वरचे खाली पोचेनात, खालचे उलटेच पोचायला लागले.

शेवटी एका रविवारी चर्चमधून मिस्साहून आल्यावर शर्लिन जाब विचारायला स्वतःच खाली उतरली. आयडा स्वयंपाकघरात होतीच.

"ॲनेट, हिला सांग—"

"हिलाच सांग आधी—"

कोळंबी सोलता सोलता ॲनेट म्हणाली, "मास्तर, चावी काउंटरवर ठेवा."

दोघींनी एकदम तिच्याकडे बघितलं.

"कोण मास्तर गं?" आयडाने विचारलं.

ॲनेटचे कान तापले. पण आता लपवणार काय? तिने सगळं सांगून टाकलं.

"समुद्र दिसतो तिथून?"

"नाही, मम्मी. डोंगर."

"मग मला काय उपयोग!"

शर्लिनला हसू आलं. "मला कुठली खोली?"

"कुठलीच नाही," ॲनेट म्हणाली. "तुमच्यापासून सुटायलाच जाते मी तिथे. दोघींपासून." तिने हातातली कोळंबी पातेल्यात टाकली. "आजपासून निरोप बंद. काय असेल ते एकमेकींना सांगा."

आयडाने गॅस बंद केला. मग मुलीकडे वळली. "तू पपांच्या मयताला आली नाहीस."

"माझा पासपोर्ट मालकिणीकडे होता, मम्मी. तिने दिला नाही. तीन दिवस तिच्या पाया पडत होते."

"हे फोनवर का नाही सांगितलंस?"

"तू रडत होतीस. मी अजून काय सांगणार?"

आयडाने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने तिने शर्लिनला हाताला धरून स्टुलावर बसवलं, आणि पुढे दोघी काय बोलल्या ते ॲनेटने मुद्दामच ऐकलं नाही. नळ मोठा सोडून ती कोळंबी धूत राहिली. कुणाला काय सांगायचं ते लक्षात ठेवायचं नव्हतं. इतकं हलकं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

अर्ध्या तासात कालवणात चिंच किती घालायची यावरून दोघींचं जुंपलं, समोरासमोर. ॲनेटने हात पुसले, गॅविनला उठवलं.

"चल, बाहेर जाऊ."

"आत्ता? आणि या दोघी?"

"बोलतायत ना. बोलू दे."

नाक्यावर शेवपुरीवाल्याने विचारलं, "तिखट?"

"झणझणीत," ॲनेट म्हणाली. पहिली प्लेट संपायच्या आत तिने दुसरी सांगितली.