पात्यावरचं कुंकू

“ताई, या जखमेत कुंकू कुठून आलं?”

कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर माझा उजवा हात दिव्याखाली धरून विचारत होता. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, “अंगठा वाकवून दाखवा.” मी वाकवला. म्हणजे माझ्या मते वाकवला. अंगठा होता तसाच ताठ उभा होता.

“फ्लेक्सर टेंडन तुटलंय,” डॉक्टर शांतपणे म्हणाला. फ्लेक्सर टेंडन म्हणजे बोट वाकवणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. ती तुटली की स्नायू कितीही ओढो, बोट हलत नाही. जखमेपेक्षा त्या न हलणाऱ्या अंगठ्याची मला जास्त भीती वाटली. अंगठा नाही तर चिमूट नाही, घास नाही, पेन नाही आणि लाकूड तासायची पटाशीही नाही.

मी यवतमाळात पोस्टात नोकरी करते. लोहाऱ्याकडच्या आमच्या घरामागं पत्र्याची खोली आहे, तिथं सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करते. बाईमाणसानं कसली ही हौस, असं म्हणणारे म्हणून थकले. खोलीत टेबल सॉ आहे. टेबलाच्या फटीतून गोल पातं वर आलेलं असतं आणि फळी त्याच्यावर ढकलत न्यायची असते. त्या वेळी मी घरासाठी सागाची बंगई करत होते. ओसरीत बसून झुलायला बंगई हवी, हे माझं लग्नापासूनचं वेड.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सासूबाईंची विळी, यांचे पाने-पक्कड आणि माझा टेबल सॉ. पात्याला हळदकुंकू लावायचं म्हणून मी त्यावरचा गार्ड, म्हणजे झाकण, काढला. माझ्या मशीनवर गार्ड ज्या पोलादी पट्टीवर बसतो, तीही त्याच्यासोबत निघते. ती पट्टी पात्याच्या मागं उभी राहून कापलेल्या फळीची चीर उघडी ठेवते. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, अशी आमच्या घरची रीत. गार्ड बसवताना ते पुसलं जाईल म्हणून तो खिडकीतच राहू दिला. पातं फिरलं की कुंकू उडणारच, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण श्रद्धेच्या नादात अक्कल खिडकीत ठेवली होती, गार्डाशेजारी.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार तेवढा काढला आणि मशीन सुरू केलं. फळी अर्धी कापली गेली आणि मागची चीर मिटायला लागली. तिनं पातं आवळलं आणि फळी उलटी माझ्या अंगावर आली. याला किकबॅक म्हणतात. फळी पोटाला चाटून गेली आणि ती ढकलणारा माझा हात पात्यावर पडला.

डाव्या हातानं बटन बंद केलं. माझा आरडाओरडा ऐकून सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. “थांब, मी हयद भरतो!” मी ओरडले, “आई, काही भरू नका!” स्वच्छ टॉवेल जखमेवर घट्ट दाबला, हात वर धरला आणि यांनी गाडी काढली. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच करा. हळद नको, कॉफीची पूड नको, आणि बांधलेलं कापड सारखं उघडून बघणं नको.

एक्स-रे झाला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. मग ऑपरेशन थिएटरबाहेरचा बाक. शेजारी फुलसावंगीचे एक आजोबा होते, त्यांच्या नातवाचा पाय मोडला होता. त्यांनी माझ्या हाताकडे पाहून विचारलं, “काय झालं वो बाई?” मी सांगितलं. त्यांनी सरकून माझ्या हाताला टेकायला जागा करून दिली.

फक्त हात बधिर केला होता, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. सर्जन बाईंनी आधी जखम धुतली आणि खूप वेळ धुतली. “कुंकवाचा कणही आत राहता कामा नये,” त्या म्हणाल्या. मग टेंडन जोडलं, अंगठ्याची कापलेली नस जोडली. नस म्हणजे इथं स्पर्श कळवणारी नर्व्ह, रक्ताची नव्हे.

खरी लढाई घरी आल्यावर सुरू झाली. जोडलेलं टेंडन नुसतं ठेवलं तर आजूबाजूला चिकटतं, आणि जोर लावला तर परत तुटतं. म्हणून स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक कोनात धरणारा साचा, आणि सांगितलं तेवढंच हलवणं. फिजिओथेरपीची मुलगी घाटंजीची होती. अंगानं चिमणी, पण आवाज कंडक्टरचा. “काकू, दुखून राह्यलं ना? दुखू द्या. पन आपल्या मनानं जोर लावान, तर मी डॉक्टरले सांगन!” मी दात आवळून, तिनं सांगितलं तेवढंच केलं. सासूबाई मला भरवायच्या आणि मला रडू यायचं. लाजही वाटायची.

एक दिवस हे म्हणाले, “मी ते मशीन विकून टाकतो. कायले पाह्यजे आता?”

“मशीन राहील,” मी म्हटलं. “गार्डासकट राहील.” यांनी मशीन विकलं नाही.

स्प्लिंट निघाल्यावर सर्जन बाईंनी टेबलावर टाचणी ठेवली. “उचला.” ती सटकत राहिली. घरी मी रोज मोहरी ताटात सांडायचे आणि चिमटीनं उचलायचे. आधी दाणे दिसत होते म्हणून उचलले जायचे, पुढं बोटाला कळायला लागले. अंगठ्याचं टोक आजही पूर्ण वाकत नाही. तेवढं मी सोडून दिलंय.

मग मी पुन्हा मशीनपाशी गेले. पहिल्या दिवशी नुसती उभी राहून परत आले. आता पात्याला हात लावायचा तर आधी प्लग काढते. पातं फळीच्या जेमतेम वर ठेवते. शेवटची वीत हातानं नाही, काठीनं ढकलते. पात्याच्या रेषेत नाही, बाजूला उभी राहते. ओढणी, बांगड्या, हातमोजे खोलीबाहेर. तुम्हीही ठेवा. घाई असेल त्या दिवशी मशीन लावूच नका.

यंदाच्या खंडेनवमीला बंगई ओसरीत टांगलेली होती. सासूबाई तिच्यावर बसून माझी पूजा बघत होत्या. मी प्लग काढला आणि गार्डावरच कुंकू लावायला हात नेला.

“पात्याले नाही लावत?” त्यांनी विचारलं.

“आई, हात तर यानंच राखायचाय.”

त्यांनी पायानं बंगई थांबवली. मग म्हणाल्या, “मंग दोनदा लाव.”

मी अंगठा आणि बोट जुळवून करंड्यातून कुंकू उचललं. चिमूट सांडली नाही.