अर्ध्यावर आटवलेलं पाणी

नागभीडकडच्या घरी मी अंगणात बोअर मारली आणि तिच्या पाण्यात तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत मऊ होते, हे चार गल्ल्यांत सांगत फिरलो. जुन्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नसे, भांड्याला पांढरा थर बसे तो वेगळाच. वर मी शहाणा. लेकीला साधं पाणी कसं पाजायचं? काढ्यासारखं अर्ध्यावर आटवून तिची बाटली मी स्वतः भरायचो. तब्बल चार वर्षं.

ती सहा वर्षांची झाली, पुढचे दोन दुधाचे दात पडले. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात हातपंपांना लाल रंग फासला. पाण्यात फ्लोराईड आहे, पोरांचे दात तपकिरी होतात, असं ऐकलं आणि मी बायकोच्या भावाला फोन लावला. तो चंद्रपूरला पाणी तपासायच्या कामावर होता. रविवारी तो पेटी घेऊन आला.

ओट्यावर तीन काचनळ्या: विहिरीचं, बोअरचं आणि माझं आटवलेलं. प्रत्येकीत त्यानं लाल औषधाचे थेंब टाकले.

"फ्लोराईड जेवढं जास्त, तेवढा रंग पिवळा होते, भाऊजी."

विहीर लालसरच राहिली. बोअर नारंगी झाली. माझी नळी पिवळीधमक.

"याच्यात काय टाकलं तुमी?"

"काई नाई. आटवलं. जंतू मरावे म्हणून."

"जंतू मेले. पाणी उडून गेलं, फ्लोराईड तसंच राह्यलं. दुप्पट करून पाजलं पोरीले!"

विहिरीच्या पाण्यातला चुना फ्लोराईडला धरून ठेवतो. बोअरच्या पाण्यात चुना कमी, म्हणून डाळ लवकर शिजते आणि फ्लोराईड मोकळं फिरतं, असं त्यानं समजावलं.

"मी सांगतच होती, विहीर बरी," बायको म्हणाली. "पण यायले शिट्ट्या मोजाच्या होत्या!"

"आणि येणारे दात?" मी विचारलं.

"ते हिरडीत कवाच बनले. आता आल्यावरच दिसन."

त्या दिवसापासून विहिरीचंच पाणी. आणि रोज सकाळी मी टॉर्च घेऊन लेकीच्या तोंडात.

"बाबा, आ करून करून जबडा दुखते ना!"

महिन्याभरानं हिरडी फुटली. दात पांढरा होता, पण त्यावर खडूनं ओढल्यासारख्या आडव्या रेघा. तपकिरी नाही, एवढ्यावर मी देवापुढे नारळ फोडला.

रेघा अजून आहेत. घरी पाहुणे आले की ती ओठ वर करून दाखवते, "ही बाबाची बोअर." सगळे हसतात. मी उठून डाळीकडे बघायला जातो.