बाभळीखालचा खून

श्यामसुंदर लवाटे पहिल्यांदा माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा शेजारचा कुत्रा भुंकायचं विसरला आणि गॅसवरचं दूध उतू जाता जाता माघारी फिरलं. उंची पाच फूट दोन इंच, वजन छत्रीसकट पंचेचाळीस किलो; पण आवाज असा, की येरवड्याच्या तुरुंगातल्या निर्दोष माणसानंही गुन्हा कबूल करावा.

"तुमच्या बाथरूममध्ये खून झालाय."

"कोनाचा?" घाबरलो की माझा ण निसटतो.

"आधी 'कोणाचा' म्हणा. मग सांगतो."

मी म्हटलं.

"रंगनाथाचा. शके पंधराशे पंचेचाळीस."

म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा. मी दार लावायला हवं होतं. चहा टाकला.

लवाटे टपालखात्यातून निवृत्त झालेले. पत्त्यातला ण चुकलेलं पाकीट हाती आलं, की ते आधी लाल शाईनं दुरुस्त करत, मग पुढे पाठवत. निवृत्तीनंतर मोडी शिकले आणि रद्दीच्या दुकानात त्यांना वाळवीनं अर्धा खाल्लेला एक कागद सापडला. खुनाबद्दल वाळवीनं शिल्लक ठेवलेलं, लवाट्यांच्या नकलेप्रमाणे, एवढंच: 'रंगनाथ… बाभुळीखाली खून… दगड घातला… कोळसा पुरला… पाच जणांदेखत.'

या पाच तुकड्यांवर लवाट्यांनी अकरा वर्षं काढली. डोक्यात दगड घातला, प्रेत जाळलं, उरलेला कोळसा पुरला. खुनी म्हणजे शेजारचा शेतकरी. कागदातल्या ओढ्यापासून पावलं मोजून त्यांनी बाभळीची जागाही ठरवली. तिथं आता बिबवेवाडीतली आमची सोसायटी आहे आणि नेमक्या बाभळीवर माझा गीझर.

आमची मैत्री झाली, कारण दर महिन्याला ते बाथरूम बघायला येत.

अखेर पेठेतल्या एका इतिहास मंडळानं त्यांचं व्याख्यान ठरवलं. ते पटलं, तर निबंध मंडळाच्या त्रैमासिकात छापणार होते. "छापील नाव," लवाटे हळूच म्हणाले, "एकदाच. खाली 'पुणे' एवढं असलं की झालं." चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं बिनचूक पोचवलेल्या माणसाची ही मागणी मला अवाजवी वाटली नाही.

आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी रंगीत तालीम होती. श्रोते दोन: मी आणि मटार सोलणाऱ्या त्यांच्या पत्नी, पद्मजावहिनी.

"हा लेखनिक अगदीच गावंढळ," लवाट्यांनी सुरुवात केली. "पाण्याला 'पानी' लिहितो, लोण्याला 'लोनी'. एक ण धड नाही. नक्कल करताना मी सगळे सुधारून घेतले."

"सगळे?" वहिनींनी विचारलं.

"एकूण एक."

"मग 'खून' का नाही सुधारलात?"

"त्यात काय सुधारायचं? शुद्ध आहे तो शब्द."

"अहो, जो माणूस पानी लिहितो, तो खूण कशी लिहील?"

लवाट्यांची छत्री भिंतीवरून घसरली. ती कोणी उचलली नाही.

"आमच्या मांजरी गावच्या शेताची हद्द अशीच होती," वहिनी शेंगा सोलत म्हणाल्या. "खाली कोळसा पुरायचा, म्हणजे कुजत नाही. वर दगड. पाच माणसं साक्षीला. झाली खूण. तुमचा रंगनाथ त्या दिवशी घरी जाऊन जेवला असेल."

लवाट्यांनी मूळ कागद उन्हात धरला. बराच वेळ धरला.

"अकरा वर्षं हे मला बोलली का नाहीस?"

"अकरा वर्षं तुम्ही मला सुधारलेली नक्कलच वाचून दाखवलीत."

"मी सुधारलं नसतं तर…" लवाटे म्हणाले.

"उद्या काय करणार?" मी विचारलं. "मंडळात कोणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकीचा पिनकोड आहे. "मला कळलंय."

रविवारी सतरा माणसं आली होती. लवाटे उभे राहिले, म्हणाले, "खून झालेला नाही. शेताची खूण होती. चूक माझी. हद्दीबद्दल ऐकायचं असेल त्यांनी बसावं." अकरा जण उठले. उरलेल्या सहांत मी आणि वहिनी.

निबंध छापला गेला नाही. त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात, मागच्या अंकात वक्त्याच्या नावाविना आलेल्या व्याख्यानाच्या निवेदनाबद्दल, शेवटच्या पानावर एक ओळ आली: 'शुद्धिपत्र: "खून" ऐवजी "खूण" वाचावे.' लवाट्यांचं नाव त्यात नव्हतं.