बाहेरून लावलेली कडी

त्या प्रकरणाची आठवण निघाली की अजूनही माझं डोकं तापतं. सत्तरच्या दशकात पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. चहूकडे कारखाने उठत होते आणि त्यांच्या आजूबाजूला कामगारांच्या पत्र्याच्या चाळी. अशाच एका चाळीतली तरुण सून भाजून मेली. मृत्यूपूर्व जबाब घ्यायला दंडाधिकारी पुण्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. स्टोव्हचा भडका उडाला, असं नवऱ्याने आणि सासूने सांगितलं. आम्ही अकस्मात मृत्यू नोंदवला, पंचनामा केला, स्टोव्ह जप्त केला.

दुसऱ्याच दिवशी चाळीतला एक पुढारी ठाण्यात आला. खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला की शेजारच्या खोलीतल्या रहस्यकथावाल्याकडे बघा. तो विधुर, दिवसभर घरात, आणि त्याचे दोन्ही हात भाजलेले. बाईवर त्याची नजर होती, असं सगळी चाळ म्हणते. वर हेही म्हणाला, "साहेब, खुनाच्या युक्त्या काढणं हाच त्याचा धंदा."

हा लेखक पन्नाशीचा होता. कारकुनी सोडून तो दर महिन्याला एक छोटी रहस्यकादंबरी लिहायचा. एसटी स्टँडवर ती पुस्तकं मिळायची. आमचे हवालदारही ती वाचायचे. मी त्याच्या खोलीवर गेलो. खिडकीपाशी पेटीवर फळी टाकून केलेलं टेबल, शाईची दौत, कोपऱ्यात माठ. हातांना फडकी गुंडाळलेली, त्यामुळे लिखाण बंद पडलं होतं. मी त्याला ठाण्यात आणलं आणि सरळ विचारलं, हात कशाने भाजले?

तो शांतपणे सांगू लागला. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चाळीतले पुरुष जातात, बायका नळावर जातात, तेव्हा तो लिहायला बसतो. मधली भिंत पातळ. पलीकडच्या स्टोव्हची भरभर सुरू झाली की त्याचा पहिला परिच्छेद सुरू व्हायचा, इतकी त्याला त्या आवाजाची सवय. पण आठवडाभर तो आवाज नव्हता. स्टोव्ह बिघडला होता आणि सून कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक करत होती. शेगडीचा धूर त्याच्या खोलीत यायचा, तो खोकत लिहायचा.

"त्या दिवशी धूरही नव्हता, स्टोव्हही वाजत नव्हता," तो म्हणाला. "आधी नवरा-सासूचं तिच्याशी भांडण ऐकलं. मग कडी लावल्याचा आवाज आला. मग ती ओरडली. मी धावलो तर कडी बाहेरून होती, साहेब. ती काढली, आणि तिच्यावर गोधडी टाकताना हात भाजले."

"मग आमचे लोक पंचनाम्याला आले तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो. तुमचा जमादार म्हणाला, ही गोष्ट पुस्तकात घाला."

मला जमादाराचा राग आला, पण नुसत्या रागाने तपास होत नाही. मी चाळीत जाऊन नळाजवळच्या बायकांचे जबाब घेतले. नळ त्या दारापासून हाकेच्या अंतरावर होता. एकेक बाई पदर सावरत एकच वाक्य बोलत होती, "आमी नळावर हुतो, आमाला काय ऐकू आलं न्हाई." बादली वाजली तरी तिथे भांडण व्हायचं, आणि जळणाऱ्या बाईची किंकाळी कुणाला ऐकू आली नाही! पुरुष म्हणाले, आम्ही शिफ्टला होतो. लेखकाच्या चारित्र्याबद्दल मात्र प्रत्येकाला भरपूर माहिती होती.

नवऱ्याला मी बोलावून घेतलं. त्याची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणजे सकाळी तो घरीच होता. आपण बाहेर दात घासत होतो आणि बायको पंप मारताना स्टोव्ह भडकला, हे त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. मी पंचांसमोर जप्तीचं सील उघडलं, स्टोव्हमध्ये रॉकेल भरलं आणि त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, पेटव.

तो पंप मारू लागला. दांडा सैल, नुसता आत-बाहेर होत होता. काकडा जळून विझला, वर ज्योत येईना. पंपाचा वायसर फाटलेला होता. टाकीत हवाच भरत नव्हती. तरी तो मारतच राहिला. शेवटी त्याचा हात थांबला आणि तो रडू लागला. बायकोसाठी रडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "आईला यात घेऊ नका."

बायकोला मूल होत नव्हतं. दुसरी मुलगी बघून ठेवली होती आणि ही माहेरी जायला तयार नव्हती. रॉकेल त्याने ओतलं, काडी त्यानेच लावली, कडी आईने घातली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून त्याच्या निवेदनावरून, पंचांना सोबत घेऊन, चाळीच्या संडासामागून रॉकेलचा डबा काढला. डब्यावर कुणाच्याही नजरेस पडेल असं त्याचंच नाव रंगवलेलं होतं. तिथे रोज साऱ्या चाळीची ये-जा होती.

सत्र न्यायालयात चाळीतले साक्षीदार एकामागून एक तेच 'ऐकू आलं न्हाई' म्हणून मोकळे झाले. लेखक उभा राहिला. बचावाच्या वकिलाने त्याचीच पुस्तकं टेबलावर रचली आणि हसत विचारलं, आजवर किती खून रचलेत? तो म्हणाला, "ते मी लिहिले. हा मी ऐकला." वकिलाने पुस्तकं बाजूला सारली. मायलेकांना जन्मठेप झाली.

आणि चाळीने काय केलं? मालकाकडे जाऊन लेखकाला खोली सोडायला लावली. असला माणूस शेजारी नको म्हणे. मी त्या पुढाऱ्याला ठाण्यात बोलावून तोंडावर सुनावलं. तो खाली मान घालून ऐकून गेला आणि दुसऱ्या दिवशी लेखकाचं सामान टांग्यात चढलं. मी तिथे गेलो होतो. त्याच्या हातांवरची कातडी गुलाबी आणि ताणलेली होती; लेखणी धरता येते, पण फार वेळ नाही, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, यावर लिहाल का कधी?

"नाही," तो म्हणाला. "वाचक विचारेल, नळावर एवढी माणसं असताना त्यातल्या एकानेही कडी का काढली नाही? याचं उत्तर मला सुचत नाही."

त्यानंतर जळिताच्या प्रत्येक प्रकरणात मी आधी दाराची कडी बघायचो, मग स्टोव्ह उघडायचो. गुन्हेगार कसा बोलतो ते मला या प्रकरणाने शिकवलं नाही. ते मला ठाऊक होतं. सभ्य, कष्टाळू, देवाधर्माची माणसं किती सहज गप्प बसतात, ते शिकवलं. गुन्हेगारांना शिक्षा झाली, म्हणून त्यांच्यावरचा राग ओसरला. नळावरच्यांवरचा ओसरला नाही, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.