नानांच्या दारातला विसावा

बसा, चहा येतोय. तोवर सांगूनच टाकतो, कारण कधीतरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकाल आणि त्यात तिखटमीठ जास्त असेल. गिटार शिकवणाऱ्याच्या हातून काय चूक होणार हो? तार तुटेल, सूर घसरेल, फार तर ताल सुटेल. माझ्या हातून सासऱ्यांची अंत्ययात्रा सुटली!

हसू नका. म्हणजे हसालच, पण आधी ऐकून तरी घ्या.

माझे सासरे म्हणजे आबा. गाव धुळ्याच्या पुढे, कपाशीवाल्यांचं. मी जळगावात गिटारचे क्लास घेतो, ही गोष्ट आबांच्या पचनी कधी पडलीच नाही. पहिल्या दिवाळीला गेलो तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "हाई ठीक शे जावईबापू, पन काम काय करतस?" तेव्हापासून मनात एकच होतं, की एकदा तरी या माणसाला दाखवून द्यायचं, संगीत म्हणजे काय चीज असते. संधी मिळाली ती ते गेल्यावर. माझं नशीबच तसलं!

आबा भरल्या घरातून गेले, नातवंडं-पतवंडं बघून. तिकडे अशा माणसाला बँड लावून वाजतगाजत नेतात. माझा शालक कैलास रडून सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे आला. "दाजी, बँडचं तुम्ही बघा. तुम्ही त्यातले."

माझी बायको माधुरी आतून आली. तिने मला बाजूला घेतलं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"अहो, आबांनी जाताना एकच मागितलंय. नानांच्या दारासमोर तिरडी खाली ठेवायची नाही. तेवढं सांभाळा."

नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं असं फाटलं, की समोरासमोर आले तर एक जण रस्ता बदलायचा. गंमत बघा, गावात स्मशानाकडे जाणारा रस्ता एकच, आणि तिरडी टेकवून खांदे बदलायचा विसावा नेमका नानांच्या दारातल्या कडुलिंबाखाली! आबा वर्षानुवर्षं बजावत आले होते, "मनी तिरडी नानाना दारशी ठेवू नका." म्हणून कैलासने ठरवलं, विसावा पुढे शाळेपाशी घ्यायचा. नानांच्या दारावरून थेट निघायचं, थांबायचं नाही.

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळला. थेट निघायचं ना? मग असं निघू, की नानांच्या घराची कौलं हलली पाहिजेत.

आता ते गाणं. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही इथेच गुणगुणायला लागाल. सगळ्या कॉलेजच्या पोरांच्या तोंडी आहे ते. रॉक म्हणतात, पण सुरुवात किती हळुवार! गिटारच्या तारा एकेक सुट्या वाजतात, गाणारा जवळजवळ पुटपुटतो. दुसऱ्या कडव्याला खालचा जाड सूर येऊन मिळतो, गाणं भरत जातं, भरत जातं, आणि एकदम सगळं बंद! श्वासभर शांतता. मग ड्रमचा दणका, आणि शेवटी पट्टी एक सूर वर चढते. अंगावर काटा येतो. अजूनही येतो, पण आता कारण वेगळं आहे.

आणि अर्थ? पोरांना वाटतं, पोरगी सोडून गेली म्हणून रडतोय. छे! मी क्लासमध्ये यावर तासभर बोलतो. ते मरणाचं गाणं आहे. जाणारा माणूस दारात क्षणभर थांबतो, ती मधली शांतता. मग मागे न बघता निघतो, तो ड्रम. नशिराबादहून येणारी एक विद्यार्थिनी हे ऐकून रडली होती. खरंच!

धुळ्यातल्या देवपूरचा बँड आला. मास्तरांना विचारलं, "हे गाणं येतं का?"

"येतं का म्हणजे? रोजचं आहे सर! लग्नसराईत पोरं दुसरं वाजवूच देत नाहीत."

मला वाटलं, वा! लोकांची आवड किती उंचावली! लग्नात हे गाणं नेमकं कुठे वाजवतात, तेव्हा पोरं काय करतात, एवढं तरी विचारावं ना माणसाने? पण मी हळदीच्या रात्री डीजेच्या आसपास फिरकत नाही. मी पडलो शास्त्रशुद्ध माणूस! मास्तरांना मारुतीच्या पारापाशी उभं करून समजावलं. इथून पहिलं कडवं. पिठाच्या गिरणीपासून दुसरं. नानांच्या लिंबाजवळ आलात, की शांतता. आणि बरोब्बर त्यांच्या दारासमोर ड्रम!

मास्तर म्हणाले, "भारी बसेल सर."

बसलंच.

तिरडी उचलली. माधुरीने फोडलेला हंबरडा अजून कानात आहे. कैलास हातात मडकं धरून पुढे. मडकं धरणाऱ्याने मागे बघायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे. त्याच्याही पुढे बँड, त्याच्या बाजूने मी, हाताने खुणा करत. मागे तिरडी, खांद्याला घरातलेच चार तरणे पुतणे, आणि त्यांच्यामागे गाव.

पहिलं कडवं सुरू झालं. कॅसिओवर सुटे सुटे सूर, वर क्लॅरिनेट. काय वाजवलं हो पठ्ठ्यांनी! म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. मनात म्हटलं, आबा, हे करतो मी काम. गिरणी आली, दुसरं कडवं आलं. गाणं भरत गेलं. लिंब दिसायला लागला. नाना ओट्यावर बसले होते, काठीवर हनुवटी टेकवून. मी हात वर केला. सगळं बंद. शांतता.

आणि मी मागे वळून पाहिलं.

गाव खाली बसलं होतं.

अहो, खरंच! पन्नाशीच्या आतलं अख्खं गाव रस्त्यावर उकिडवं बसलेलं! दोन वर्षं प्रत्येक हळदीत याच शांततेला डीजेवाला ओरडत आलाय, "बसा, बसा, सगळे खाली!" पायांना सवय झालेली. डोक्याला कळायच्या आत गुडघे वाकले. त्या चार पुतण्यांचे पण! खांद्यावर आबा, आणि खाली चौघं उकिडवे.

मी ओरडणार, तेवढ्यात ड्रम पडला.

हळदीत ड्रम पडला की काय करतात? उडी मारतात! पुढचे दोघं सवयीने ताडकन उठले. मागच्या दोघांना तोवर आपण काय करतोय ते कळलं होतं, ते भीतीने तसेच बसून राहिले. तिरडी तिरपी झाली. "अरे धरा! धरा!" लोक धावले, फुलं घरंगळली, आणि आबा घसरू नयेत म्हणून सगळ्यांनी मिळून तिरडी पटकन खाली टेकवली.

कुठे? लिंबाखाली. नानांच्या दारात.

बँडला याचा पत्ताच नाही! पट्टी एक सूर वर चढवून ते निघाले शाळेकडे. कैलास तिकडे तोंड करूनच विचारतोय, "दाजी, काय झालं? दाजी, थांबलो का आपण? कुठे थांबलो?" त्या क्षणी आबांच्या जागी मला कुणी नेलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

नाना उठले. काठी टेकत आले. त्यांनी तिरडीकडे पाहिलं, वाकले, आबांच्या छातीवरची विस्कटलेली फुलं सारखी केली.

"शेवटले थांबना ना रे भाऊ," एवढंच म्हणाले, आणि काठी लिंबाला टेकवून पुढचा दांडा धरला.

आता टेकवलेल्या तिरडीला भावाने हात लावला, तर कोण नको म्हणणार? आबा निघाले ते नानांच्या खांद्यावर.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. माधुरी चिडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "त्यांनी एकच मागितलं होतं." मी तिथे अंगणात उभा राहून रडलो. आबांसाठी रडलो की स्वतःसाठी, ते मलाही सांगता येणार नाही. नंतरचे दिवस ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. सांत्वनाला दारावर बसायला येणारा प्रत्येक जण आधी आबांच्या फोटोकडे बघायचा, मग माझ्याकडे. कुणी विचारायचं नाही, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

उत्तरकार्याला, म्हणजे गंधमुक्तीला, नाना आले. कित्येक वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत. कैलासचा चेहरा ताठ. नाना फोटोसमोर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "पोरेसनी काही चुकी नही, ना बँडनी. तिरडी जड व्हयनी. भाऊना जीव मना दारशी अडकना. मी मना डोयानी देखं."

म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. असं होतं म्हणे कधीकधी, इच्छा राहिली की तिरडी जड होते. कैलास रडत उठला आणि नानांच्या पायाशी बसला. माधुरीने पदराने तोंड झाकलं. ती नानांसाठी पाणी घेऊन आली, आणि येता येता, किती दिवसांनी, माझ्याकडे बघून मान हलवली. सुटलो! म्हणजे माझ्या गाण्याचा अर्थ खराच होता की! जाणारा माणूस दारात थांबतो! छाती थोडी फुगलीसुद्धा. हे क्लासमध्ये कसं सांगायचं, तेही मनात जुळवायला लागलो.

जेवणं झाली. हात धुताना नाना शेजारी येऊन उभे राहिले. आजूबाजूला कुणी नाही, हे बघून माझं कोपर धरलं.

"जावईबापू, मना नातूनी हळदमा ह्याच गानावर मी बी खाली बशेल शे. माले समदं समजस."

मी तांब्या खाली ठेवला.

"एक काम करा," नाना हळूच म्हणाले. "मी मरसू ना, तवय तुम्ही जळगावलेच ऱ्हा."