हरकत नसल्यास मंजूर

स्वारगेटहून रत्नागिरीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर स्टिकरांचं खोकं होतं, दोन पायांच्या मध्ये गुंडाळलेला फ्लेक्स उभा होता आणि मनात स्वतःबद्दल फारच चांगलं मत होतं. धुळवडीचा दिवस. गाडी खच्चून भरलेली. मधल्या वाटेत पिशव्या, बोचकी, कोणाचं तरी एक ढोलकं. शेजारच्या गृहस्थांच्या कानामागे सकाळचा गुलाबी रंग राहून गेला होता.

"शिमग्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही, परिषदेला."

"कसली?"

मी मुक्त सॉफ्टवेअर समजावून सांगितलं. ज्या प्रोग्रामचं आतलं लिखाण कोणीही उघडून वाचावं, दुरुस्त करावं, फुकट वाटावं, असे प्रोग्राम करणाऱ्या हौशी लोकांची ही परिषद. उद्या नि परवा, रत्नागिरीत. पगार कोणालाच नाही, आयोजकही आम्हीच आणि श्रोतेही बहुतेक आम्हीच. जोडून सुट्टी बघून तारीख ठेवली आहे, आणि ती मी सुचवली, हेही सांगितलं.

"शिमग्यात?"

"हो ना, सगळ्यांना सुट्टी."

गृहस्थ "बरं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मलकापूर मागे पडलं, आंबा घाट उतरून झाला, तरी बघतच होते. मला वाटलं, विषय त्यांच्या डोक्यावरून गेला.

आमच्या मंडळींची काम करायची एक पद्धत आहे, ती इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आम्ही क्वचितच भेटतो. सगळं ईमेलच्या एका सामायिक यादीवर ठरतं. कोणीतरी एक गोष्ट सुचवतो आणि खाली लिहितो, ‘आठवड्यात हरकत आली नाही तर मंजूर समजावं.’ हरकत आली नाही की मंजूर. मतदान नाही, भांडण नाही. या पद्धतीचा मला अभिमान होता. मी तारीख सुचवली, आठवडाभर यादीवर पान हललं नाही, आणि मी समाधानाने फ्लेक्स छापायला टाकला.

रत्नागिरीच्या स्टँडवर आमचा तिथला आयोजक मिलिंद येणार होता. आल्या त्या शोभावहिनी, त्याची बायको, स्कूटरवरून.

"हे दवाखान्यात आहेत. आज शुक्रवार ना," त्या म्हणाल्या. शुक्रवारी मिलिंद दवाखान्यात असतो हे जगाला माहीतच आहे, असा त्यांचा सूर होता. मीही "हां हां, शुक्रवार" असं काहीतरी म्हणून मागे बसलो. खोकं पोटाशी, फ्लेक्स बंदुकीसारखा खांद्यावर. उतारावर वळताना फ्लेक्सचं टोक एका केळीवाल्याच्या टोपीला लागलं. तो नुसता बघत राहिला.

मिलिंद संध्याकाळी घरी आला. वर्षभर मी त्याला फक्त पडद्यावर, गळ्याच्या वर पाहिलं होतं. समोर बसला तेव्हा डाव्या हातावर पट्टी दिसली, आणि पट्टीखाली शीर दोरखंडासारखी फुगलेली. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

"यादीवर बोलला नाहीस," मी म्हणालो.

"यादीवर काय लिहायचं? हरकत नसल्यास मंजूर?"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ओल्या काजूगरांची उसळ माझ्या पानात भरपूर वाढली. त्याच्या पानात नाही. त्याच्यापुढे दिवसभराच्या पाण्याची एक बाटली होती. तिच्यातून त्यांनी दोन घोट ओतून दिले आणि बाटली परत फळीवर ठेवली.

मिलिंद इथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. दृष्टिहीन माणसांना मराठी मजकूर वाचून दाखवणारा ‘मोठ्यानं’ नावाचा प्रोग्राम त्याने एकट्याने उभा केला. त्यातला आवाजही त्याचाच. याच घराच्या स्वयंपाकघरात, पंखा बंद करून, त्याने एकेक अक्षर बोलून भरलं. ‘ळ’ म्हणताना शेजारच्या घरच्या कुकरची शिट्टी झाली, म्हणून प्रोग्राममध्ये आजही ‘ळ’ आला की मागे ती पुसटशी ऐकू येते. कुठल्या कुठल्या गावची माणसं वर्तमानपत्रापासून सात-बारापर्यंत सगळं या आवाजात ऐकतात. पण फोन आणि संगणक बदलत राहतात, आणि असा प्रोग्राम दर दोन-चार महिन्यांनी दुरुस्त केला नाही तर मुका होतो. मिलिंदच्याने आता ते होत नव्हतं.

"ह्या परिषदेत कोणाच्या तरी हातात देऊन टाकायचा," तो म्हणाला. "ऋतुजा घेईल असं वाटतं. संगमेश्वराकडची. आमच्याच कॉलेजात होती, आता मुंबईत नोकरी करते. जोडाक्षरांचा भाग तिनेच सुधारला. माझ्यापेक्षा बरं लिहिते."

माझ्या हातात द्यायचा विचारही त्याच्या मनात आला नाही, हे योग्यच होतं. ‘मोठ्यानं’मध्ये माझं आजवरचं योगदान म्हणजे मदतीच्या पानावरचे दोन स्वल्पविराम. त्यातला एक नंतर कोणीतरी काढला.

शनिवारी सकाळी आम्ही मिरजोळ्याला गेलो. औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद वर्कशॉपचा वरचा हॉल मिलिंदने ओळखीवर मिळवला होता. पत्र्याचं छप्पर, खाली गंजलेल्या यंत्रांचा वास, बाहेर सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) मार्चच्या उन्हात तापलेला. मी खुर्च्या ओळीत लावल्या. कमी पडतील म्हणून भिंतीशी आणखी रचून ठेवल्या. फ्लेक्स बांधला. वाऱ्याने तो सोडला, मी परत बांधला.

दहा वाजले, अकरा वाजले. घावनं (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) घेऊन आलेल्या काकूंनी डबे टेबलावर ठेवले आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"माणसं कुठायत?"

"येतील. प्रवासात असतील."

"आज? आज आमच्या वाडीत कुत्रं नाय शिल्लक. सगळी पालखीला. मी पण हे ठेवून पळणार."

"पालखी तर परवा होळीला झाली ना?"

काकूंनी मला लहान मुलासारखं समजावलं. होळी लागली की ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते, आणि मग कितीतरी दिवस घरोघर फिरते. आपल्या दारात देव येणार त्या दिवशी घरचा माणूस मुंबईत असो की आणखी कुठे, तो दारात हजर असतो. एरवी वर्षभर कुलूप असलेली घरंही तेवढ्यापुरती उघडतात. "आणि तुम्ही ह्यात मीटिंग ठेवलीत," त्या म्हणाल्या, आणि डब्यांची झाकणं लावून गेल्या.

मला शिमगा म्हणजे एक दिवस पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी रंग, एवढाच ठाऊक.

आयोजक धरून आम्ही सात जण झालो. त्यातला एक गृहस्थ प्रिंटर काखोटीला मारून आला होता, फ्लेक्सवर ‘संगणक’ शब्द वाचून. मी पुढे होऊन तो प्रिंटर उघडला आणि मला परत बंद करता येईना. शेवटी मिलिंदने तो दुरुस्त केला. परिषदेचं त्या दिवसाचं ठोस काम एवढंच. दुपारी पत्रा तडतडत असताना मिलिंद ‘मोठ्यानं’बद्दल बोलला, चार माणसांसमोर, ओठ ओले करण्यापुरतं पाणी घेत. शेवटी म्हणाला, "हे कोणीतरी घ्यायला हवं." चौघांनी माना खाली घातल्या. एक जण घावन खात होता, त्याने चावणंही थांबवलं.

उरलेली घावनं आम्ही संध्याकाळी वसाहतीच्या पहारेकऱ्याला दिली. मग भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. पाणी करडं होतं आणि वाळूवर मुलांच्या रंगाच्या फुटक्या पिशव्या पडल्या होत्या.

"मी तारीख टाकली तेव्हा एकाने तरी लिहायचं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "यादीवर निम्मी माणसं कोकणातली."

"आमच्याकडे कोणी चुकीचं बोलला की त्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. गप्प बसतात. मग त्याचं त्याला कळतं."

"मला नाही कळलं."

"हां, ते दिसलं."

"आणि तू?"

तो वाळूत बोटाने रेघा मारत राहिला. "आमच्या घरी पालखी येत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून. आता मीच यादीवर लिहू, की पालखीसाठी परिषद पुढे ढकला? म्हटलं, ज्यांच्या दारात देव येतो त्यांनी लिहावं. त्यांना वाटलं असेल, स्थानिक आयोजक मिलिंद, त्याला चालतंय, तर आपण कशाला."

दुसऱ्या दिवशीची सत्रं आम्ही रद्द केली. यावर कोणाची हरकत आली नाही.

रविवारी सकाळी एसटीने संगमेश्वर, तिथून सहा आसनी रिक्षाने ऋतुजाच्या गावी. रस्त्याचं काम चाललेलं, सगळीकडे लाल धूळ. शेवटचा टप्पा पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट). मिलिंद दर थोड्या पायऱ्यांनी थांबायचा आणि काजूची बोंडं बघितल्यासारखं करायचा. मीही बघायचो.

अंगण नुकतंच सारवलेलं होतं. ऋतुजा रांगोळी काढत होती. आम्हाला बघून ती उभी राहिली, हात पांढरे.

"सर, तुम्ही कशाला आलात एवढ्या चढाला?"

"तू आली नाहीस, म्हणून परिषद इकडे आणली," मिलिंद म्हणाला.

तिचे वडील ओटीवरून उठले, मिलिंदला खुर्ची दिली, मला सतरंजी दाखवली. पालखी वरच्या वाडीत अडकली होती, त्यामुळे वेळ होता. मिलिंदने आडवळण घेतलं नाही. हाताची पट्टी दाखवली आणि विचारलं, "घेशील का?"

"बघते ना सर," ती म्हणाली, रांगोळीकडे बघत.

"काय बघतेस गो?" वडील म्हणाले. "सरांनी शिकवलंन तुला. होय म्हण." मग आमच्याकडे वळून, "पोर दमते हो. रूमवर पोचते ती जेवायला पण उठत नाय म्हणे. इथं आली तरी लॅपटॉप. त्या दिवशी होळीच्या होमासमोर फोनवर साहेबाशी बोलत होती."

"बाबा, पुरे."

तेवढ्यात ढोल ऐकू आले. मिलिंद मला म्हणाला, "तू हो पुढे. मी इथं बरा." तो खुर्ची घेऊन फणसाखाली, अंगणाच्या कडेला बसला. त्याने हात जोडले नाहीत, आणि कोणी तसं काही अपेक्षिलंही नाही. ऋतुजाच्या आईने त्याच्यासाठी सरबत आणलं. त्याने पेला हातात धरून ठेवला.

पालखी अंगणात आली, खांद्यांवर नाचली, मग पाटावर टेकली. ओटी भरून झाली. एक म्हातारे गावकर (गावचे मानकरी) पुढे होऊन गाऱ्हाणं घालायला लागले. गाऱ्हाणं म्हणजे घरच्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात ‘होय महाराजा’ म्हणायचं.

"बा महाराजा, ह्या घरातली लेकरं मुंबईस पोटासाठी गेली, त्यांची राखण कर."

"होय महाराजा."

"ह्यांच्या काजूस, आंब्यास मोहर टिकव."

"होय महाराजा."

इथे गप्प राहून चालतच नव्हतं. एकेका गोष्टीला तोंड उघडून होकार द्यायचा, सगळ्यांच्या देखत. वडील गावकरांच्या कानाला लागले. गावकरांनी मान हलवली.

"बा महाराजा, ह्या लेकीचे सर दुखणं अंगावर घेऊन तुझ्या दारात आले. त्यांचं जे काय काम आहे, ते ही लेक पुढे नेवो, तिला तू बळ दे."

"होय महाराजा," अंगण म्हणालं. वडील म्हणाले, आई म्हणाली, मी तर फारच जोरात म्हणालो.

ऋतुजा माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ हलले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं, हात जोडलेले होते, पण ती म्हणाली नाही.

निघताना तिने प्रसादाचं खोबरं मिलिंदच्या हातात ठेवलं. "सर, तब्येत सांभाळा." तो म्हणाला, "हो. तू पण जरा झोपत जा." खोबरं त्याने पाखाडीवर मला दिलं. त्याला चालत नाही.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी, मी शेजारी.

"ती म्हणाली का?" त्याने विचारलं. फणसापासून त्याला दिसलं नसणार.

"नाही."

"हां." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू बघशील का रे?"

मी त्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघायला लागलो. हातखंबा आला तरी बघतच होतो. मला येताना भेटलेले, कानामागे गुलाबी रंग असलेले ते गृहस्थ आठवले.

सोमवारी सकाळी पुण्याला पोचलो. खोक्यातले स्टिकर जवळजवळ सगळे परत आले होते. फ्लेक्स मिरजोळ्याच्या कठड्यालाच बांधलेला राहिला. आंघोळ करून संगणक उघडला आणि यादीवर पत्र लिहिलं. सवयीने शेवटी ‘हरकत नसल्यास’ टाकलं होतं, ते खोडलं. त्याऐवजी लिहिलं, ‘गप्प बसू नका. हो किंवा नाही, काहीतरी कळवा.’

मिलिंद सोमवारी यंत्राला लावलेला असतो. त्या चार तासांत तो यादीवरची सगळी पत्रं वाचतो, असं वहिनींनी सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. त्याचं उत्तर नाही. ऋतुजाचं नाही, कोणाचंच नाही. हे कोणत्या प्रकारचं गप्प आहे ते मला ओळखता येईना.

मग मी ‘मोठ्यानं’ माझ्या संगणकावर चढवला. त्यालाही पाऊण तास लागला, आणि मी आता त्याचा सांभाळकर्ता. माझंच पत्र त्याला वाचायला दिलं. खोलीत मिलिंदचा आवाज आला, दुखण्याच्या आधीचा, भरलेला. "हा प्रकल्प यापुढे मी सांभाळीन," तो म्हणाला, आणि ‘ळ’मागे शेजारच्या घरची शिट्टी झाली.

"होय महाराजा," मी म्हणालो.

"कोणाशी बोलतोयस?" आतून बायकोने विचारलं.