दम्मामला जाणारी पिशवी

केरळातल्या कोंडोट्टीच्या पोस्टाच्या व्हरांड्यात बिय्यात्तु मांजरपाटात पार्सलं शिवायला बसायची. नवरा वारला तेव्हापासून तिने हे काम धरलं होतं. त्याआधी ती घरी झबली-टोपडी शिवायची. पोस्टात परदेशचं पार्सल कापडात शिवून, शिवणीवर लाखेचे ठिपके देऊन न्यावं लागे. दाभण चालवायला तिचा हात बसलेला होता, तोंडही चालत होतं. गिऱ्हाईक बांधलं गेलं.

मोठी खोकी पाठवणाऱ्यांचं एक वेळ बरं असतं. माल जितका जास्त, तितका किलोमागचा भाव उतरतो. हाल व्हायचे ते थोडंसंच पाठवणाऱ्यांचे. कुणाला मुलाचा नवा चष्मा पाठवायचा असायचा, कुणाला सुनेला बाळंतपणातलं औषधी चाटण, लेह, तर कुणाला नुसतं घरच्या आंब्याचं लोणचं. कुरिअरवाला सांगेल तो आकडा वस्तूच्या किमतीहून वरचढ. पोस्ट स्वस्त, पण वाटेतच लोणच्याचं तेल मांजरपाटातून बाहेर यायचं. जहाजाने पाठवावं तर पोचेपर्यंत हलव्याला बुरशी धरायची. बायका वजनकाट्यावर पुडकं ठेवायच्या, भाव ऐकायच्या आणि पुडकं उचलून परत पदराखाली घ्यायच्या. हे बिय्यात्तु रोज बघत होती.

मग तिलाच वाट सुचली. त्या भागात घरटी एक माणूस आखातात. सुट्टी संपवून परत निघालेल्याच्या सामानात दोन-चार किलोंची जागा बहुतेक वेळा उरते. ती जागा बिय्यात्तु मागून घ्यायला लागली. दहा घरांची दहा पुडकी एका पिशवीत भरायची, पिशवी नेणाऱ्याला द्यायची, आणि तिकडे शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ज्याने त्याने येऊन आपलं पुडकं न्यायचं. नेणाऱ्याच्या घरच्यांचं शिवणकाम ती फुकट करून द्यायची. लोक आपापसात म्हणायचे, "सरकारी टपाल आत बसतं, बिय्यात्तुचं बाहेर."

तिचा नियम मात्र एकच आणि कडक. कुठलंही पुडकं आणणाऱ्याने तिच्यासमोर उघडायचं. लोणच्यात ती पळी घालून तळापर्यंत ढवळायची. नव्या सदऱ्याची कॉलर चाचपायची. एकदा मशिदीत बांग देणाऱ्या मुक्रीने आणलेल्या खजुराच्या वड्याही तिने मोडून बघितल्या होत्या.

"अगं, मी तुला चोर वाटतो का?" त्याने विचारलं होतं.

"तुम्ही नाही हो. पण तुमच्या वड्या मी ओळखत नाही," असं ती म्हणाली होती, आणि तोही हसला होता.

त्या दिवशी पिशवी न्यायला अलवी येणार होता. बिय्यात्तुच्याच आळीतला पोरगा, पहिल्यांदाच परदेशी निघालेला. सौदीतल्या दम्मामला एका किराणा दुकानात नोकरी लागली होती. बायको शहाना पोटुशी, दिवस भरत आलेले. त्याने पासपोर्ट शर्टाच्या आत, बनियनला पिशवी शिवून ठेवला होता. ती पिशवीही बिय्यात्तुनेच शिवलेली.

तो यायच्या जरा आधी कुंजामिना आली. बिय्यात्तुची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच मदरशात शिकलेल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या. तिचा एकुलता एक मुलगा नौफल दम्मामला बांधकामावर होता. वर्षापूर्वी परांचीवरून पडून त्याची पाठ धरली होती. कुंजामिनाने केळ्याच्या वेफर्सचा पत्र्याचा डबा आणला होता. झाकणाच्या कडेला सगळीकडून चिकटपट्टी लावलेली.

"उघड गं," बिय्यात्तु सवयीने म्हणाली.

"हवा लागून मऊ पडतील. सकाळीच तळलेत, खोबरेल तेलात."

"मी परत पट्टी लावते ना."

कुंजामिनाचे डोळे भरून आले. "माझा डबा? बिय्यात्तु, माझ्या डब्यात तू हात घालणार? तुझ्या नवऱ्याला, मोइदीनला, शेवटचं पाणी मी पाजलं होतं."

व्हरांड्यातले चार लोक वळून बघायला लागले. बिय्यात्तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने डबा हातात घेतला, कानाशी हलवला. वेफर्स खुळखुळले. "बरं बाई, राहू दे," ती म्हणाली आणि डबा पिशवीत घातला.

अलवी आला तो घाईतच. मोठ्या भावाने गाडी रस्त्यावर उभी केली होती. आळीतली पोरं बिय्यात्तुला इत्ता, म्हणजे ताई, म्हणायची. "इत्ता, सगळं बघितलंस ना? मला काही कळत नाही हं यातलं," तो म्हणाला. बिय्यात्तुने मान डोलावली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गाडी डोंगरावरच्या विमानतळाच्या रस्त्याला लागली.

कुंजामिना मात्र घरी गेली नाही. पायरीवर बसून तिने समोरच्या टपरीवरून दोघींना चहा मागवला. चहा अर्धा झाला असेल नसेल, तिचा फोन वाजला. तिला कानाने कमी ऐकू यायचं, आणि डबा गेल्यामुळे ती आता निर्धास्त होती. "नौफल असेल. घे, तूच बोल. काय म्हणतो बघ," असं म्हणून तिने फोन बिय्यात्तुच्या हातात दिला.

बिय्यात्तुने नुसतं "हं" केलं.

"उम्मा, डबा गेला ना?" नौफल तिकडून भराभर बोलत होता. "गोळ्या तळाशीच घातल्यास ना, कागदाखाली? इत्ताने उघडला नाही ना?"

"कसल्या गोळ्या रे?"

"उम्मा? कोण बोलतंय?" नौफलने विचारलं.

"नौफल, मी बिय्यात्तु बोलतेय. कसल्या गोळ्या?"

"इत्ता... पाठीच्या. सुट्टीत आलो होतो तेव्हा तिकडच्या डॉक्टरने दिलेल्या. त्याशिवाय मला उभं राहता येत नाही गं. काम केलं नाही तर परत धाडतील."

"मग लपवून कशाला?"

"इथे त्या चालत नाहीत. नशेच्या औषधात धरतात. जवळ सापडल्या की तुरुंग."

"आणि त्या अलवीजवळ आहेत, हे कळतंय का तुला?"

"त्याला ठाऊकच नाही ना, म्हणून तो घाबरणार नाही," नौफल म्हणाला. "जो घाबरत नाही, त्याला कुणी अडवत नाही."

बिय्यात्तुने फोन बंद केला. कुंजामिना तिच्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाला? बरा आहे ना?"

बिय्यात्तुने तिचं मनगट धरून तिला उठवलं आणि रिक्षात कोंबलं.

अलवीचा फोन बंद लागत होता. इथलं सिमकार्ड शहानाला द्यायला म्हणून त्याने काढून ठेवलं होतं. त्याच्या भावाचा फोन वाजत होता, पण तो गाडी चालवत असणार. रिक्षा विमानतळाच्या चढाला लागली आणि पुढे एका लग्नाच्या गाड्यांची रांग आडवी आली. नवरदेव मोगऱ्याच्या माळांनी झाकलेल्या जीपमध्ये उभा होता आणि पोरं रस्त्यातच गात थांबली होती.

"हॉर्न दे रे!" बिय्यात्तु ओरडली.

"इत्ता, लग्न आहे. हॉर्न दिला तर इथेच मला धुतील," रिक्षावाला म्हणाला.

ती उतरली. जीपपुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात जोडले. "बाबांनो, विमान चुकतंय. वाट द्या." पोरांनी गाणं थांबवलं. वाट मिळाली.

रिक्षात परत बसल्यावर तिने कुंजामिनाच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"औषध आहे गं ते. विष नाही. कुरिअरवाल्याने घेतलं नाही, कागद मागत बसला. पोस्टात नेलं तर तिथेही तेच. माझं पोर तिथे भिंतीला धरून झोपतंय. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतंस."

"तू घेतलं नसतंस."

ते खरं होतं. घेतलं नसतंच. रिक्षा वळणं घेत वर चढत होती. कुंजामिना तोंडाने दुआ पुटपुटत होती. ती कोणासाठी, हे विचारायचा बिय्यात्तुला धीर झाला नाही.

वर पोचल्या तेव्हा अलवीचा भाऊ गाडीला टेकून एकटाच उभा होता. "आत गेला आत्ताच," तो म्हणाला. त्याला काही न सांगता बिय्यात्तु दाराकडे धावली. दारावर बंदूकवाला जवान होता. उत्तरेकडचा असावा. बिय्यात्तुचं हिंदी मोडकंतोडकं.

"आमचा मुलगा आत आहे. एकदा बोलायचंय."

"तिकीट?"

"तिकीट नाही."

"मग आत जाता येणार नाही, अम्मा. बाजूला व्हा."

ती बाजूला झाली. काचेतून आत माणसांच्या पाठीच पाठी दिसत होत्या. खरं सांगावं तर हा जवान अलवीलाच धरेल. चौकशी, जबानी, विमान जाणार, नोकरी जाणार. खोटं सांगावं तर काय? शहानाला कळा सुरू झाल्या म्हणावं, तर पोरगा सगळं टाकून घरी पळेल, आणि असलं अभद्र तोंडातून काढायला तिची जीभ रेटेना. गप्प राहावं, तर सामान एकदा आतल्या सरकत्या पट्ट्यावर गेलं की मग दम्मामलाच उघडणार.

तेवढ्यात मक्केला, उमराला निघालेला पांढऱ्या कपड्यांतला एक जथा दारापाशी आला. त्यात एक म्हातारी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात तसबीची माळ. बिय्यात्तुने तिचा हात धरला. तोंडओळखही नव्हती.

"अम्मायी, आत एक पोरगा आहे. निळ्या रेघांचा सदरा, कपाळावर खोक. सामान काथ्याच्या दोरीने बांधलंय. त्याला म्हणावं, बिय्यात्तु दारात उभी आहे, सामान देऊ नकोस. पिशवी घेऊन दाराशी ये."

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं. "निळ्या रेघा. कपाळावर खोक," ती पुटपुटली आणि आत गेली.

मग वाट बघणं आलं. जथ्यातला एकेक माणूस कागद दाखवून आत जात होता. कुंजामिना जमिनीवर बसली होती. बिय्यात्तु काचेला नाक लावून उभी होती आणि तिच्या श्वासाने काच धुरकट होत होती. ती पदराने पुसायची, परत धुरकट व्हायची. जवानाने दोनदा हटकलं. म्हातारी विसरली असेल, असं वाटायला लागलं.

मग गर्दीतून अलवी येताना दिसला. चेहरा पांढराफटक. "इत्ता! शहाना बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे. पिशवी दे माझी."

"हे काय चाललंय?" जवान मध्ये आला. "अम्मा, पिशवीत काय आहे?"

आता बिय्यात्तुला खोटं सुचेना. "वेफर्स आहेत. त्यात औषध आहे, साहेब. आम्हाला ठाऊक नव्हतं. या मुलाला अजूनही ठाऊक नाही. ते न्यायचं नाही म्हणून धावत आले."

जवानाने पिशवी दाराजवळच्या टेबलावर ठेवायला लावली. बिय्यात्तुने दाताने चिकटपट्टी सोडवली आणि डबा उपडा केला. पिवळे वेफर्स टेबलभर पसरले. शेवटी वर्तमानपत्राचा गोल कागद पडला आणि मागोमाग रबराने बांधलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या.

जवानाने पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. "हे कोणाचं?"

कुंजामिना उठून पुढे आली. कमरेच्या पिशवीतून डॉक्टरची चिठ्ठी काढून तिने दोन्ही हातांनी पुढे केली. "माझं. माझ्या मुलाचं. या पोराचा काही संबंध नाही."

जवानाने चिठ्ठी वाचली. मग त्याने आणखी एका साहेबाला बोलावलं. दोघे बराच वेळ आपसात बोलले. शेवटी साहेब म्हणाला, "औषध घरी न्या. पुन्हा असं दिसलं तर सोडणार नाही." मग अलवीकडे वळून, "तू जा. तुझं सामान तूच भरलंयस ना?"

अलवीने त्या पट्ट्यांकडे बघितलं, मग बिय्यात्तुकडे. "इत्ता, सगळं बघितलंय म्हणून तू मान डोलावली होतीस."

"नाही बघितलं रे. हा एक डबा नाही बघितला."

त्याने टेबलावरची पिशवी तिच्याकडे सरकवली. चष्मा, लेह, लोणचं, सगळंच. "मला कुणाचंच काही न्यायचं नाही," तो म्हणाला. आणि काथ्याच्या दोरीने बांधलेलं सामान खांद्यावर टाकून, मागे न बघता आत गेला.

दुसऱ्या दिवशी बिय्यात्तुने घरोघर जाऊन पुडकी परत केली आणि प्रत्येक घरी, काय झालं ते सांगितलं. चूक माझी, एवढंच म्हणाली. नाव मात्र कुणाचं घेतलं नाही. तरी आठवड्याभरात गावाला सगळं कळलं. त्यानंतर तिला कुणी सामानातली जागा देईना. ती नुसती मांजरपाट शिवत बसायची.

कुंजामिनाशी बोलणं तुटलं, पण डॉक्टरची ती चिठ्ठी बिय्यात्तुने मागून घेतली होती. ती घेऊन ती कोळिकोडला मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरणीने सांगितलं, पोराची पाठ गोळ्यांनी बरी व्हायची नाही, त्याला घरी आणा. हे नौफलला कळवायचं कामही बिय्यात्तुनेच केलं. तो फोनवर खूप चिडला, रडला, आणि ईदच्या आधी परत आला. पाठीचं ऑपरेशन झालं.

काठी टेकत तो एक दिवस पोस्टाच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला.

"इत्ता, मला खरंच वाटलं होतं की त्याला काही होणार नाही."

"ते मला कशाला सांगतोस?" दाभणात दोरा ओवता ओवता बिय्यात्तु म्हणाली. "अलवीच्या बायकोला जाऊन सांग."

तो गेला. शहाना ओटीवर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. नौफलला बसता येत नव्हतं, म्हणून तो उभ्यानेच बोलला. कुठून सुरुवात करावी हे त्याला कळत नव्हतं, तरी त्याने गोळ्यांपासून ते फोनवर काय म्हणाला तिथपर्यंत सगळं सांगितलं. शहानाने ऐकून घेतलं. चहा विचारला नाही. जाताना फक्त म्हणाली, "काठी जपून टेका, पायरीवर शेवाळ आहे."

त्याच आठवड्यात ती बिय्यात्तुकडे आली. मुलीच्या पहिल्या केसांची बट आणि पायाला काजळ लावून उठवलेला ठसा अलवीला पाठवायचा होता.

"कुणाच्या हाती नाही हं," ती म्हणाली. "पोस्टानेच. उशीर लागला तरी चालेल."

बिय्यात्तुने मांजरपाटाचा तळहाताएवढा तुकडा कापला.